सुट्टीआधीचे ब्रेक

आमच्या घरात गाडीला सवत म्हणायची पद्धत मीच पाडली. आधी थट्टेत, मग थोडं रागात, आणि नंतर तर सासूसुद्धा फोनवर लेकाला सांगायला लागली, “तुझी दुसरी बरी आहे रे, काल पुसून काढली तिला.” नवरा आखातात पाइप फिटर आहे. वर्षातून एकदा महिनाभर घरी येतो. उरलेलं वर्ष मी, सासू आणि मरोळ गावठाणात क्रुसाशेजारी उभी केलेली ती जुनी पांढरी गाडी, अशा तिघीजणी त्याची वाट बघतो.

आणि आला की हा माणूस काय करतो, तर गाडीखाली जातो. पहिला दिवस झोपेत. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाला की जुनी हाफपँट चढवून, गोणपाट अंथरून हा आडवा. मग दिसतात ते नुसते पाय. कधी सायलेन्सर, कधी रेडिएटर, कधी कसला तरी रबराचा बुश. गाडी वर्षभर जवळजवळ उभीच असते. मी ती काढते ती सासूला डॉक्टरकडे न्यायला, नाहीतर रविवारी मासळी आणायला. त्यामुळे तिला काही ना काही झालेलं असतंच. ते निस्तरेपर्यंत अर्धी सुट्टी संपते, उरलेल्या अर्ध्यात नातेवाईक आणि मे महिन्यातली लग्नं, आणि मग परत बॅग भरायला घ्यायची.

मी आत भांडी आपटत असायची. आपटायचीच, लपवून काय करू. वर्षभर ज्याचा चेहरा फोनच्या काचेत बघायचा, तोही खालून धरलेल्या कॅमेऱ्यात, अर्ध्या नाकपुड्याच, तो माणूस घरी आल्यावर मी त्याचे तळवे बघत बसू? मला तो हवा असायचा. जवळ, काही काम नसलेला, माझ्याकडे बघत बसलेला. दुपारचं जेवण झालं की त्याच्या बाजूला पडायचं आणि पंख्याकडे बघत वर्षभराचं साठलेलं सांगायचं, हे मी मनातल्या मनात किती वेळा रचलं असेल. तो यायचा म्हणून त्याची उशी उन्हात टाकायची, टाकताना तिचा वास घ्यायचा, तर वास यायचा डांबरगोळ्यांचा. असं माझं दर वर्षीचं.

या वर्षी उन्हाळा लागता लागता हायवेला जरा जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे, दिवसभर हातात मापाचं गेज. घरी येऊन चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. चाकाच्या आत एक लोखंडी चकती असते. तिला दोन बाजूंनी ब्रेकचे पॅड चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. ती चकती म्हणजे डिस्क. आमच्या डिस्कच्या कडेला गंजाचा काठ आलेला आणि मधला भाग झिजून खोल गेलेला. गेज लावलं तर इथे एक माप, तिथे दुसरं. पुढच्या दोन्ही चाकांची तीच कथा.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच, गाडी कशी आहे.

“मजेत आहे,” मी म्हटलं. “आणि मीपण बरी आहे, विचारलंस म्हणून सांगते.”

तो हसला. आणि मी डिस्कचं बोललेच नाही. बोलले असते तर याने तिथूनच सामान ठरवलं असतं, आणि या वर्षीचे माझे पहिले आठ-दहा दिवस पुन्हा त्या चाकांत गेले असते. मी फोन ठेवला तेव्हाच ठरवलं होतं की तो यायच्या आत डिस्क बदलायच्या. त्याला उघडायला काहीही ठेवायचं नाही. या वर्षीची सुट्टी माझी.

गॅरेजमध्ये देता आली असती. पण मागे एकदा मी बाहेरून क्लच करून घेतला होता, तर याने आल्या आल्या सगळं पुन्हा उघडलं. म्हणे, बघू तर काय दिवे लावलेत. नको रे बाबा. म्हटलं, आपणच करू. हत्यारं मला नवीन नव्हती. हा तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतो ना, मिक्सर बिघडला, टाकीचा बॉल अडकला की फोन उभा करून ठेवायचा आणि त्याचं सुरू, उजवीकडे फिरव गं, तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे. अशा शिव्याशापांत माझा हात बसला होता. बाकीचं मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ब्रेकचे व्हिडिओ बघायचे. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, ही बघा, आमची मेकॅनिक.

दोन डिस्क आणि नवे पॅड आणले. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कंपनीतूनच तेलाचा थर देतात. तो बसवायच्या आधी पार काढावा लागतो, नाहीतर पॅड घसरतात. शनिवारी दुपारी ओट्यावर बसून पेट्रोलच्या बोळ्याने दोन्ही डिस्क पुसल्या. बोळा काळा निघायचा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि आंघोळीला गेले. सासू समोरच होती. मे महिन्याचा मसाला चाललेला, गल्लीत चटयांवर मिरच्या वाळत टाकलेल्या, आणि ती हातात काठी घेऊन कावळ्यांवर लक्ष ठेवून.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले, साडी बदलली, त्याचीच एक जुनी पँट घातली आणि कामाला लागले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग गाडीखाली आधाराला लोखंडी घोडी. पॅड धरणारा जो लोखंडी जबडा असतो तो सोडवून तारेने वर बांधला, कारण तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळता ठेवायचा नसतो. इथवर झकास. मग आला तो डिस्कचा स्क्रू. एवढासा स्क्रू, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसा गंजून अर्धा झालेला तरी फिरेना. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पाय लावून जोर केला. गल्लीतून जाणारा येणारा थांबून सल्ला देऊन जायचा. शेवटी मी एकाला म्हटलं, काका, करता का तुम्ही, नाहीतर उजेड सोडा. काका निघून गेले आणि स्क्रू फिरला.

जुनी डिस्कही गंजाने चिकटलेली. ओढता ओढता ती सुटली तेव्हा मी मागे ओट्यावर जाऊन आदळले. तिच्या मागची बसायची जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली, कारण तिथे गंजाचा कण जरी राहिला तरी नवी डिस्क तिरकी बसते आणि थरथर परत सुरू. नवी डिस्क चढवली, पॅड घातले, जबडा बसवला. मग दुसरं चाक. दुपार कलंडली. खांदे भरून आले होते, पण खरं सांगते, मला मजा येत होती. प्रत्येक नट आवळताना वाटायचं, हा एक दिवस माझा, हा एक दिवस माझा.

शेवटी आत बसून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला, पायाखाली घट्ट लागेपर्यंत. गाडी सुरू केली आणि गल्लीत हळूच पुढे घेतली. ब्रेक दाबला, तर गाडी थांबेना. वेग कमी होतोय, पण ती आपली रेंगाळत चाललीच आहे. आणि वास. जळक्या रबराचा वगैरे नाही, खोबरेल तेलाचा, कढईत तापतं तसा. समोर मिरच्यांची चटई आणि चटईपलीकडे सासू. मी हँडब्रेक खेचला. पुढचं चाक चटईच्या कडेवर चढून थांबलं.

“माझ्या मिरच्या,” सासू म्हणाली.

मी खाली उतरले, चाकाच्या फटीतून बोट घातलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल. माझ्या हातात कामाचे हातमोजे होते, म्हणून बसवताना कळलंच नव्हतं.

“आय,” मी म्हटलं, “काल या चकत्यांना तू काही लावलंस?”

“लावलं ना,” ती म्हणाली, अगदी सरळ. “तू घासून घासून कोरड्या केल्यास आणि उघड्यावर टाकून गेलीस. बीड आहे ते. बिडाचा तवा नवा आणल्यावर तेल पाजलं नाही तर सकाळपर्यंत गंजतो, बाय. तुला कुणी शिकवलं नाही वाटतं. चांगलं चोळून, पुसून ठेवलं दोन्हीला.”

डिस्क खरंच बिडाची असते. ही बाई गेली कित्येक वर्षं तिच्या आईकडून आलेल्या बिडाच्या तव्यावर पोळे घालते, तवा असा की पोळा फुंकरीने सुटावा. तिच्या जागी ती शंभर टक्के बरोबर होती आणि माझी मात्र वाट लागली होती. डिस्क पुन्हा धुता येतात, पण पॅड तेल पितात. एकदा प्यायले की फेकायचे. रविवारी दुकान बंद, आणि बुधवारी हा येणार.

मी भडकले. रस्त्यावर उभी राहून भडकले. दोन दिवस राबतेय मी, म्हटलं, आणि तुला दिसेल त्या लोखंडाला तेल लावायचंय. विचारायचं तरी. जीव गेला असता एखाद्याचा. तिने काठी खाली ठेवली आणि चाकाखाली चिरडलेल्या मिरच्या वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, “माझा पोरगा येतोय. तू त्याची गाडी करतेस. मीपण कशाला तरी हात लावावा म्हटलं.”

आपलेच दात, आपलेच ओठ. मीपण खाली बसले आणि तिच्याबरोबर मिरच्या वेचल्या. माझे हात ग्रीसचे, त्यामुळे तिने माझ्या वेचलेल्या मिरच्या वेगळ्या ठेवल्या.

सोमवारी अर्धी रजा टाकून नवे पॅड आणले. सगळं पुन्हा उघडलं, डिस्क पुन्हा पेट्रोलने पुसल्या, हातमोजे काढून बोटांनी तपासल्या. सासू दारात बसून होती, हात मांडीखाली घेऊन. या वेळी ब्रेक दाबला तशी गाडी थांबली. मंगळवारी पहाटे आरेच्या रस्त्याला घेऊन गेले. नव्या डिस्कवर लगेच जोरात ब्रेक मारायचा नसतो. वेग घ्यायचा, हलकेच दाबायचं, सोडायचं, थंड होऊ द्यायचं, परत वेग घ्यायचा. पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून घासून बसतात, त्याला वेळ द्यावा लागतो. झाडांखालून मी एकटीच येत जात होते. बाजूची सीट रिकामी. सासू कायम मागे बसते, पुढची जागा त्याची म्हणून. मला तो इतका आठवला की एकदा मी गाडी कडेला घेऊन नुसती बसून राहिले. उद्या येणार असलेल्या माणसाची आठवण जास्तच येते. तो नसण्याची सवय झालेली असते, ती नेमकी आदल्या दिवशी मोडते.

बुधवारी विमानतळावर मीच घ्यायला गेले. तो जरा वाळला होता, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, ते फोनमध्ये दिसले नव्हते. गाडीची चावी त्याने माझ्याकडून मागून घेतली. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघितलं.

“कोणी केले?”

“मी.”

“तू म्हणजे?”

“मी म्हणजे मी. डिस्क, पॅड, दोन्ही चाकं. उघडून बघायचं काम नाही, मापं घेतलीयत.”

घरी पोचल्यावर त्याने बॅगसुद्धा आत नेली नाही, आधी उकिडवा बसून चाकात टॉर्च मारला. मी आपली कमरेवर हात ठेवून उभी. मग उठला, हात झटकले आणि म्हणाला, “एक नंबर झालंय गं. मी यापेक्षा काय वेगळं केलं असतं.” मी इतकी खूश झाले की सासूला मिठी मारली.

मग माझे दिवस सुरू झाले. कारखान्यातून मी आधीच रजा काढून ठेवली होती. त्याने झोप काढली. दुसऱ्या दिवशी चहा झाला, हाफपँट चढवली आणि ओट्यावर येऊन बसला. बसूनच राहिला. मी बाजूला बसले. काय म्हणतेस, तो म्हणाला. काही नाही, तू काय म्हणतोस, मी म्हटलं. दुपारी पंख्याखाली पडलो तेव्हा मी रचून ठेवलेलं सांगायला लागले, तर त्यातलं बरंचसं त्याला फोनवर सांगून झालेलं होतं. तो ‘हो, ते बोललीस तू’ म्हणायचा आणि मी पुढच्यावर जायची. एका संध्याकाळी जुहूला जाऊन आलो, भेळ खाल्ली, समुद्राकडे बघितलं, परत आलो.

आणि हळूहळू मला ते दिसायला लागलं. त्याची बॅग भिंतीशी तशीच होती, तो रोज तिच्यातूनच कपडे काढायचा आणि टॉवेल तिच्यावरच वाळत घालायचा. पंखा लावू का, असं विचारायचा. साखर कुठे ठेवता तुम्ही, असं विचारायचा. तुम्ही. नळाचा वॉशर गेलाय का बघायला गेला, तर तो मी जानेवारीत बदललेला. टाकीचा बॉल बघायला वर गेला, तर तोही ठीक. खाली आला आणि हात धुऊन पुन्हा ओट्यावर. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा, कुणाला त्रास नको म्हणून पाय आखडून बसलेला. घर त्याच्याशिवाय चालवायला मी शिकले होते, आणि ते त्याला दाखवायची मला फार हौस होती.

एकदा तो सहज म्हणाला, “पुढच्या वर्षी नाही आलो तरी चालेल तुमचं. नाही का?” हसत म्हणाला. मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं काही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

नाही चालणार रे, हे मला म्हणता आलं असतं. म्हणावंसं फार वाटलं. पण आम्ही दोघं तसली बोलणी फोनवर करतो, समोरासमोर जीभ जड होते. मी कांदा ठेवला, हात पुसले आणि बाहेर त्याच्या बाजूला जाऊन बसले. गाडी समोर उभी होती, चकाचक, कुठे काही नाही.

“ऐक ना,” मी म्हटलं. “मागच्या चाकातून कसला तरी आवाज येतो.”

“कधी?”

“ब्रेक मारला की. बारीक. मागचे काही मी उघडले नव्हते.”

आवाज कसला नि काय. माझा कान गेजसारखाच आहे, मागची दोन्ही चाकं मुकाट होती. तो उठला, चावी घेतली. मीपण बाजूला जाऊन बसले. चर्चच्या पुढच्या रिकाम्या रस्त्याला त्याने चारी काचा खाली केल्या. वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी गुपचूप थांबली. पुन्हा घेतला, पुन्हा दाबला. कुठे काही नाही. त्याने इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट, चेहरा वळवून बघितलं.

“येतोय गं,” तो म्हणाला. “चांगलाच येतोय. चार-पाच दिवस तरी जातील याच्यात.”

“जाऊ देत,” मी म्हटलं. “पाने मी देते हातात.”